निशीने काढलेलं उट्टं

राग धरू नये असं सांगणाऱ्यांचं मला नेहमी नवल वाटतं. धरायचा नाही तर त्याचं करायचं काय? मला हॅम्बर्गमध्ये येऊन तीस वर्षं झाली. नवरा जर्मन, शेजार जर्मन, भाजीवाला तुर्की. स्वभाव मात्र साताऱ्याहून येताना आणला तोच आहे. माझ्या माणसाला कुणी दुखावलं तर मी ते विसरत नाही, आणि विसरल्याचं नाटकही मला जमत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या, सत्यजितच्या बायकोबद्दल मी लिहिते आहे ते म्हणूनच. निशिगंधा तिचं नाव, आम्ही निशी म्हणतो. ती गोल्फ खेळते आणि शिकवते, आणि तोच तिचा पोटापाण्याचा धंदा आहे. जर्मनीतल्या मराठी बायकांमध्ये असं करणारी आम्हाला तरी ती एकटीच ठाऊक आहे. इथल्या मराठी मंडळाच्या अंकांत तिच्यावर दोन-तीन लेख आले. त्यांत जिद्द होती, चिकाटी होती, कुटुंबाचा पाठिंबा होता. सुडाबद्दल कुणीच लिहिलं नाही. ते काम मी करते.

निशी खडकीची. तिकडे पोरंपोरी चालायला लागली की हातात हॉकी स्टिक घेतात. ही शाळेपासून खेळली, महाराष्ट्राच्या संघात गेली, मग गुडघा गेला आणि पाठोपाठ लग्न झालं. सत्यजितला वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली तशी तीही आली. तो सकाळी ऑफिसला जायचा आणि ही दिवसभर घरात. जर्मनचे क्लास, लहानगी शमिका, किंडरगार्टन, परत जर्मनचे क्लास. मी फोन केला की म्हणायची, “ताई, सगळं छान आहे हो, फक्त अंग आखडल्यासारखं वाटतं.” धावणाऱ्या बाईला घरात बसवलं की असंच होतं. माझ्या भावाला मात्र ते दिसत नव्हतं. तो देवमाणूस आहे आणि ‘जाऊ दे’ हा त्याचा आवडता शब्द आहे.

एका रविवारी शेजारीण तिला लेर्शेनफेल्ड गोल्फ क्लबात घेऊन गेली. इकडचे क्लब वसंतात नवख्यांना एक दिवस फुकट खेळू देतात. त्याला श्नुपरकुर्स म्हणतात, म्हणजे नुसता वास घेऊन बघा आणि आवडलं तर या. रांगेत उभे राहून सगळे काठ्या फिरवत होते. कुणाचा चेंडू जागचा हलत नव्हता, कुणाच्या गवताच्या ढलप्या उडत होत्या. निशीने काठी हॉकीसारखी धरली आणि फटका मारला. चेंडू मैदान ओलांडून, कुंपण ओलांडून पलीकडच्या श्पार्गेलच्या, म्हणजे इकडच्या पांढऱ्या शतावरीच्या, शेतात गेला. शेतातल्या बाईने वर मान करून शिव्या दिल्या, असं निशी अजून हसत सांगते.

क्लबाची मुख्य ट्रेनर धावत आली. फ्राउ हाबरलांड. उंच, करडे केस कापलेली, तरुणपणी युरोपातल्या स्पर्धा खेळलेली बाई. तिने विचारलं, कुठे शिकलीस? निशी म्हणाली, हॉकी. हाबरलांडबाईंनी तिचा हात हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, “पुढच्या रविवारी ये.” इथपर्यंत बाई चांगली वागली. मी खोटं लिहिणार नाही.

जर्मनीत गाडी चालवायला लायसन्स लागतं तसं गोल्फच्या मैदानात पाऊल टाकायला प्लाट्सराइफ लागतं. लेखी परीक्षा, तोंडी परीक्षा, आणि आधी शिष्टाचार. कुणी मारत असताना बोलू नये, दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय देऊ नये, वाळू उकरली तर दाताळ्याने सारखी करावी. निशीने नियमांचं पुस्तक घोकून पाठ केलं. सत्यजित टर उडवायचा, “बोर्डाच्या परीक्षेला एवढा अभ्यास केला असतास तर!” ती पहिल्या फटक्यात पास झाली, आणि दोन-तीन वर्षांत क्लबातल्या सगळ्या बायकांना मागे टाकलं.

मग हाबरलांडबाईंनी तिला स्वप्न दाखवलं. गोल्फ शिकवण्याचा धंदा करायचा तर इकडे तीन वर्षांची आउसबिल्डुंग, म्हणजे उमेदवारी, करावी लागते, आणि त्यासाठी एखाद्या क्लबाने आणि तिथल्या मुरलेल्या ट्रेनरने तुम्हाला शिकाऊ म्हणून घ्यावं लागतं. “मी तुला घेईन,” बाई म्हणाल्या, “जरा थांब.” निशी थांबली. थांबली म्हणजे दर शनिवारी क्लबाच्या पोरांना फुकट शिकवलं, पावसात चेंडू गोळा केले, बाईंच्या सुट्टीत त्यांचे वर्ग सांभाळले. मी म्हटलं, “अगं, लिहून घे काहीतरी.” तर म्हणे, “ताई, त्या शब्दाच्या पक्क्या आहेत.”

दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये, हंगाम उघडतानाच्या ब्रंचला अध्यक्षांनी घोषणा केली की क्लबाची नवी शिकाऊ ट्रेनर म्हणजे त्यांचीच भाची. टाळ्या झाल्या. निशी हातात रिकामी बशी घेऊन उभी होती. ती हाबरलांडबाईंकडे गेली आणि सरळ विचारलं, असं कसं? बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला मोठ्याने, आजूबाजूची टेबलं ऐकतील असा आवाज लावला आणि म्हणाल्या, “बघ राणी, मुलांमध्ये तू फार गोड दिसतेस. पण मोठी माणसं शिकायला येतात तेव्हा त्यांना समोर गोल्फमधलं माणूस लागतं. ते घरातून यावं लागतं. तू हॉकीतली आहेस.” टेबलं हसली. वाईट म्हणून नव्हे, गंमत म्हणून हसली. मला तेच जास्त झोंबतं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वकील करायला निघाले होते. सत्यजित मागून म्हणाला, “जाऊ दे ना ताई.” निशीने “ताई, कणीक भिजवायची राहिलीय,” म्हणून फोन ठेवला. रडलीही नाही. मला वाटलं, बिचारी खचली. माणूस ओळखण्यात मी कधी चुकत नाही, पण तिथे चुकले.

तिने तासाभराच्या अंतरावर, ओडेनवाल्डच्या डोंगरात, एक नऊ होलचा बारका क्लब शोधून काढला. चारी बाजूंनी गाई, क्लबहाउस म्हणजे लाकडी खोपट, आणि ट्रेनर म्हणजे कमरेत वाकलेला एक म्हातारा. त्याने तिचे दोन फटके पाहिले आणि म्हणाला, “सोमवारपासून ये.” तीन वर्षं ती रोज डोंगर चढली-उतरली. घरी सत्यजित स्वयंपाक शिकला. त्याची आमटी शमिका अजून खात नाही. निशी पास झाली, म्हाताऱ्याने निवृत्ती घेतली आणि क्लब तिच्या हाती आला. आता तिच्याकडे शिकायला लोक लांबून येतात, हायडेलबर्गहून येतात, लेर्शेनफेल्डचेही काही गुपचूप येऊन जातात.

मराठी मंडळाने गणपतीत तिचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि निवेदक म्हणाला, “आपले सत्यजितराव, यांच्या सौभाग्यवती गोल्फही खेळतात.” ‘गोल्फही’ म्हणे! जसं काही पोळ्या लाटून झाल्यावर. मी पहिल्या रांगेतून त्याच्याकडे अशी पाहत राहिले की बिचारा पुढचं नाव चुकला. एक काका निशीला म्हणाले, “छान, छान. पण नोकरी काय करता?” ती हसून म्हणाली, “हीच.” मी हसले नाही.

आता मुद्द्याचं. त्या भागातल्या ट्रेनरांची दरवर्षी वसंतात स्पर्धा होते. एकास एक सामने. जिंकणाऱ्या बाईला जुलैतल्या मोठ्या स्पर्धेत, जिथे नावाजलेल्या व्यावसायिक खेळाडू उतरतात, थेट प्रवेश. हाबरलांडबाईंनी ही स्पर्धा कितीदा जिंकली ते त्यांच्या क्लबाच्या भिंतीवर पाटी लावून कोरलं आहे. निशी दोनदा उपांत्य फेरीत हरली, बाईंशी गाठ पडलीच नाही. गेल्या वर्षी पडली. अंतिम सामना, आणि तोही लेर्शेनफेल्डला. बाई निवृत्त होणार होत्या. जिंकल्या तर त्यांचा हा शेवटचा मोठा प्रवेश. निशी चाळिशी ओलांडलेली. तिचा हा पहिला. मी हॅम्बर्गहून पहाटेची आयसीई गाडी पकडली. असलं काही मी सोडणार नव्हते.

निशी त्या फाटकातून इतक्या वर्षांनी आत शिरत होती. तेच सभासद, तीच टेबलं. अध्यक्षांनी हात हलवला आणि म्हणाले, “अरे, आमची निशी!” आमची! माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण सत्यजितने माझा दंड धरून ठेवला होता. हाबरलांडबाईंनी तिच्या गालाला गाल लावला. निशी गोड हसली. मला तिचा तो गोडपणा बघवेना.

सामन्याची रीत सांगते, मलाही ती त्याच दिवशी कळली. मैदानाचे अठरा टप्पे, त्यांना होल म्हणतात. प्रत्येकाच्या शेवटी हिरवळीत एक गल असते, आपण गोट्या खेळताना करायचो तशीच, जरा मोठी. कमी फटक्यांत चेंडू गलीत घालेल तिचा तो होल. आणि चेंडू गलीच्या अगदी जवळ पडला, की समोरची म्हणते, “गेशेंक्ट.” म्हणजे दिला. मग तो शेवटचा फटका मारायचाच नाही, गेला असं धरून चेंडू उचलायचा. द्यायलाच हवा असा नियम नाही. देणारीने द्यायचा. पण दिला नाही तर लोक नाकं मुरडतात.

निशी पहिल्या होलपासून देत सुटली. बाईंचा चेंडू वीतभर लांब, “गेशेंक्ट.” हातभर लांब, “गेशेंक्ट.” एकदा तर चांगला मोठ्या पावलाएवढा लांब होता, तरी “गेशेंक्ट.” भोवतीचे सभासद माना डोलावत होते. किती खिलाडू, किती सुसंस्कृत! बाई पहिल्यांदा ‘थँक यू’ म्हणाल्या, मग नुसती मान हलवू लागल्या, मग तेही बंद झालं. चेंडू गलीजवळ थांबला की त्या पुढे होऊन उचलायच्या आणि निशीचा शब्द मागून यायचा. निशीला मात्र त्यांनी दोनच दिले. बाकीचे सगळे तिने मारले, एकेक करून, आणि घातले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. अर्ध्यावर चहापाण्याला थांबले तेव्हा मी तिला झाडामागे गाठलं.

“देतेस काय तिला सगळं? नांदायला आली आहेस का इथे?”

“ताई, आवाज.”

“आवाज गेला खड्ड्यात. ती तुला देते का? सांग ना. त्या दिवशी बशी घेऊन उभी होतीस ते विसरलीस?”

तिने केळं सोललं, अर्धं मला दिलं. “नाही विसरले,” म्हणाली, आणि परत मैदानात गेली.

सतराव्या होलपर्यंत दोघी बरोबरीत. अठरावा होल क्लबहाउसच्या गच्चीसमोर, सगळी गर्दी तिथे जमलेली. निशीने चौथ्या फटक्यात चेंडू गलीत घातला. लांबून, वळणाचा फटका, काठावर क्षणभर अडला आणि आत गेला. टाळ्या झाल्या. बाईंचा चेंडू तीन फटक्यांत गलीजवळ येऊन पडला होता. काठीच्या निम्म्या लांबीएवढंही अंतर नव्हतं. हा घातला की बरोबरी, आणि पुढे जादा होल. सकाळपासून याच्या दुप्पट लांबीचे निशीने दिले होते.

बाई पुढे झाल्या. वाकल्या. हात चेंडूपर्यंत नेला.

आणि थांबल्या, कारण शब्द आलाच नव्हता.

त्यांनी मान वर करून निशीकडे पाहिलं. निशी हिरवळीच्या कडेला उभी होती, हात मागे बांधून, बाईंच्या चेंडूकडे बघत. सगळ्यांना वाटलं, म्हणायची विसरली. गच्चीवरून कुणीतरी खाकरलं. पंचांनी निशीकडे पाहिलं. निशीने पंचांकडे पाहिलं, अगदी अदबीने, आणि काही बोलली नाही. कुणी मारत असताना बोलू नये हे तिने पाठ केलं होतं.

बाई उभ्या राहिल्या. काठी घेतली, गलीपर्यंतची वाट न्याहाळली, परत न्याहाळली. दिवसभरात त्यांनी एवढा छोटा फटका एकदाही मारला नव्हता. काठी चेंडूमागे ठेवली तेव्हा त्यांचा उजवा हात मला गच्चीच्या पायरीवरून कापताना दिसला. मनगट एकदम झटका बसल्यासारखं उडालं. चेंडू गलीच्या काठाला घासून पलीकडे गेला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या. सत्यजितने डोळे मिटून घेतले.

टोप्या काढून हात मिळवायची पद्धत आहे, ती दोघींनी पाळली. बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. “एवढ्या अंतरावरून,” त्या म्हणाल्या, “कुणीही देतं.”

“गेनाऊ,” निशी म्हणाली. अगदी बरोबर. आणि टोपी परत घातली.

नंतर लोक फार थंड वागले. अध्यक्षांनी चषक देताना दुसरीकडेच पाहिलं. एक बाई माझ्या शेजारी मुद्दाम मोठ्याने म्हणाली, नियमात बसतं पण संस्कारात बसत नाही. मी तिला म्हटलं, “अध्यक्षांच्या भाचीचं कसं चाललंय?” तिला कळलं नाही; न का कळेना. जुलैत निशी त्या मोठ्या स्पर्धेत खेळली. दोन दिवसांत बाहेर पडली, खालून मोजायला सोपं जाईल असा नंबर. मंडळाने तेवढ्यावर पुन्हा शाल दिली. तिला त्या स्पर्धेबद्दल विचारलं तर चार वाक्यांत आटपते.

पण त्या दिवसाचं अजून राहिलं. बक्षीस झालं, लोक आत केक खायला गेले. गच्चीवर मी आणि निशी दोघीच. तिने आप्फेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस, मागवलं आणि एक भलीमोठी श्निट्झेल, आणि भूक लागलेल्या पोरासारखी खायला लागली. खाता खाता सांगितलं. तीन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत ती प्रेक्षकांतून बाईंच्या मागे मागे फिरली होती. तिथे एका नव्या पोरीने बाईंना छोटा फटका दिला नव्हता, आणि बाईंचा हात असाच उडाला होता. पोरीला नंतर सगळ्यांनी झापलं. तेव्हापासून बाईंना कुणी न देता राहत नाही. मानाने देतात. “लहान फटका बाई लोकांसमोर मारूच शकत नाहीत, ताई. त्या दिवशी सगळ्यांना वाटलं, चुकला एखादा. खरं कुणाला माहीत नाही, कारण कुणी मारायला लावत नाही. मग मी म्हटलं, सकाळपासून एकही मारू द्यायचा नाही. हात गार पडू द्यायचा.”

“आणि चेंडू जवळ पडलाच नसता तर?”

“तर पुढच्या वर्षी.”

मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या ताटातले बटाटे खाल्ले. मनातल्या मनात त्या हसणाऱ्या टेबलांना एकेक करून विचारलं, आता हसा की. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. मी घरी फोन करून नवऱ्यालाही सांगितलं.

तेवढ्यात खाली हिरवळीवर कुणीतरी आलं. हाबरलांडबाई. एकट्या, हातात काठी. त्यांनी चेंडू त्याच जागी ठेवला, काठीच्या निम्म्या लांबीवर. मारला. गेला. गलीतून काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा मारला. गेला. हात अजिबात कापत नव्हता. पुन्हा ठेवला. पुन्हा गेला. पाठ वाकवून, चेंडू काढून, परत त्याच जागी. आत लोकांच्या हसण्याचा आवाज येत होता आणि बाई थांबत नव्हत्या.

मी बघत राहिले, आणि खरं सांगते, थोड्या वेळाने मला बघवेना. राग धरण्यात माझा हात कुणी धरणार नाही असं मला वाटायचं. पण ती पाठ पुन्हापुन्हा वाकताना पाहिली आणि माझ्यातला राग संपला. मला चक्क त्या बाईची दया आली.

एकदा त्यांनी मान वर केली. गच्चीवर निशी दिसली. दोघींची नजर मिळाली. मला वाटलं आता बाई आत जातील, किंवा निशी तरी तोंड फिरवेल. बाई पुन्हा वाकल्या आणि चेंडू ठेवला.

“निशी, चल आता,” मी हळूच म्हटलं. “सत्यजित गाडी घेऊन फाटकाशी थांबलाय.”

“थांबू दे त्याला,” ती म्हणाली. तिने खुर्ची उचलून मैदानाच्या बाजूला वळवली, कठड्याजवळ सरकवली आणि नीट टेकून बसली. “तुम्ही व्हा पुढे ताई. मला हे पूर्ण बघायचंय.”